वळीव की अवकाळी?

एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलू लागली की उगवतीकडचे आभाळ काळवंडते. झाडाचे पान हलत नाही, अंगाची लाही होते आणि मग अचानक वारा सुटतो. आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग विजा, कधी गारा. अर्ध्या-पाऊण तासात सगळे आटोपते आणि मावळतीला पुन्हा ऊन पडते. याला कोल्हापुरात वळीव म्हणतात. घरात, शेतात, रिक्षाथांब्यावर आणि तालमीच्या कट्ट्यावर आजही म्हणतात. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणि दूरचित्रवाणीच्या पट्टीवर मात्र याच पावसाचे नाव गेल्या काही वर्षांत ‘अवकाळी’ झाले आहे. गंमत अशी की याच वर्तमानपत्रांच्या आतल्या, स्थानिक बातम्यांच्या पानावर अनेकदा ‘शहर परिसरात वळवाची हजेरी’ असे छापलेले असते. एकाच अंकात एकाच पावसाची दोन नावे.

दोन नावे असली म्हणून बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. एका वस्तूला दोन शब्द असणे ही भाषेची श्रीमंतीच असते. पण हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत. अचानक येणे आणि अवेळी येणे या निराळ्या गोष्टी आहेत. वळीव अचानक येतो, पण वेळेवर येतो. कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणाच्या शेतावर हे सांगता येत नाही. पण चैत्र-वैशाखात तो येणार हे ठाऊक असते. ‘अवकाळी’ म्हणजे ज्याचा काळच नव्हे तो. अपेक्षित असलेल्या आकस्मिकाला नाव देणारा एक शब्द आपल्याकडे होता. त्याच्या जागी काळच चुकल्याची तक्रार करणारा शब्द आपण बसवतो आहोत. या अदलाबदलीत काय जाते, ते पाहण्यासाठी हा लेख.

शब्दापासूनच सुरुवात करू. मराठीत ‘-ईव’ प्रत्यय लागून धातूपासून विशेषणे होतात. कोरणे-कोरीव, रेखणे-रेखीव, घडणे-घडीव, आखणे-आखीव, पाळणे-पाळीव. ‘जाणीव’सारखे काही शब्द याच वळणाने नामे होऊन बसले. त्याच हिशेबाने वळणे-वळीव. म्हणजे ‘वळीव’ हे मुळात पावसाचे विशेषण. पुढे पाऊस गळून पडला आणि विशेषणच नाम झाले. ‘काल वळीव झाला’ एवढे म्हटले की पुरते. पण इथे एक अडचण आहे. कोरीव लेणे कोणीतरी कोरलेले असते, पाळीव जनावर कोणीतरी पाळलेले असते. वळीव पाऊस कोणी वळलेला? ‘वळणे’ हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. आपण लाडू वळतो, वाती वळतो, गुरे वळतो. आणि रस्ता आपला आपण वळतो. गुराखी गुरे वळवून आणतो तसे वाऱ्याने ढग वळवून आणले, अशी व्याख्या मी दोघा-तिघांकडून ऐकली आहे. ऐकायला गोड आहे. अंगावर उठणाऱ्या वळांशीही या शब्दाचे नाते जोडणारे भेटतात, कारण वळवाचे थेंब खरोखर चाबकासारखे लागतात. नादाच्या सारखेपणावर व्युत्पत्ती रचण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. तिच्या नादी न लागलेले बरे.

मला अधिक भरवशाचे वाटते ते दिशेचे. कोल्हापूरचा खरा पावसाळा मावळतीकडून येतो. सह्याद्री ओलांडून गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा अशी ठिकाणे घेत तो शहरावर उतरतो. वळीव बहुधा उगवतीकडून येतो, हातकणंगले-शिरोळच्या बाजूने. म्हणजे जूनमध्ये ज्या दिशेने पाऊस यायचा त्याच्या उलट दिशेने. मंगळवार पेठेतल्या जुन्या कौलारू घरांची पावसाळ्याची तयारी पाहिली तर हे लक्षात येते. मावळतीच्या भिंतीला पत्रा किंवा ताडपत्री ठोकली जाते, त्या बाजूच्या खिडक्या बंद राहतात. उगवतीची बाजू उघडीच. वळीव नेमका तिथून आत शिरतो आणि सोप्यात वाळत घातलेली मिरची भिजवतो. पाऊस येण्याच्या नेहमीच्या वाटेपासून ‘वळलेला’ पाऊस, असा अर्थ या भागापुरता तरी नीट बसतो. काही जाणती माणसे ऑक्टोबरातल्या गडगडाटी पावसालाही वळीव म्हणतात. पावसाळा परत वळतो तेव्हाचा तो पाऊस, हे त्यांचे कारण. शब्दाच्या मुळाशी ते सुसंगत आहे. पण त्या पावसाला ‘परतीचा’ हे स्वतंत्र नाव आहे, आणि पेठेत विचारले तर दहापैकी नऊ जण वळीव उन्हाळ्याचाच सांगतील.

आता शब्दाच्या रूपाकडे वळू. शुद्धलेखनाच्या चालू नियमांप्रमाणे ‘गरीब’चे ‘गरिबाला’ आणि ‘वकील’चे ‘वकिलाला’ होते. पहिले अक्षर दीर्घ असले तर मात्र मधल्या ई-ऊचा अ होतो, जसे ‘बेडूक-बेडकाला’ किंवा ‘लाकूड-लाकडाला’. ‘वळीव’चे पहिले अक्षर ऱ्हस्व, तेव्हा नियमाने ‘वळिवाचा’ व्हायला हवे. लोक म्हणतात ‘वळवाचा’. ‘वळवानं गाठलं’, ‘वळवात सापडलो’. नियम बनवणाऱ्यांच्या आधीपासून हा शब्द तोंडात घासून गुळगुळीत झाला आहे, याची ही खूण. हल्ली छापलेल्या मजकुरात ‘वळीवाचा पाऊस’ आणि क्वचित ‘वळीवने हजेरी लावली’ अशी रूपे दिसतात. ती नियमात बसत नाहीत आणि बोलण्यातही नाहीत. ज्याच्या कानावर शब्द पडलेला नाही, ज्याने तो फक्त वाचला आहे, तोच असे लिहू शकतो. शब्द मरायला लागला की त्याची सामान्यरूपे आधी अवघडतात, असे माझे निरीक्षण आहे.

कोशात वळवाचा अर्थ एका ओळीत सांगता येतो: पावसाळ्याआधी पडणारा गडगडाटी पाऊस. पण शब्दाचा खरा संसार त्याच्या क्रियापदांत असतो. पावसाळ्याचा पाऊस ‘लागतो’. तो ‘धरतो’, ‘झड लावतो’, मग कधीतरी ‘उघडतो’, ‘उघडीप देतो’. वळवाला यातले काही चालत नाही. ‘वळीव लागलाय’ असे कोणी म्हणत नाही, ‘वळीव उघडला’ असेही नाही. वळीव येतो, होतो, कोसळतो, झोडपतो, गाठतो. पहिल्या गटातली क्रियापदे मुक्कामाची आहेत, दुसऱ्या गटातली गाठभेटीची. दुसरे असे की वळीव मोजता येतो. ‘यंदा दोनच वळीव झाले’ असे शेतकरी सहज बोलतो. जुलैतला पाऊस असा मोजता येत नाही. तो दिवसांनी किंवा नक्षत्रांनी मोजायचा, नाहीतर इंचांनी. वळवाला अंगावर येणाऱ्या प्रत्येक खेपेची स्वतंत्र ओळख आहे. एक इकडे झाला, एक तिकडे. मंगळवार पेठेत गटारी भरून वाहतात आणि कसबा बावड्यात टिपूस नसतो, हे दर उन्हाळ्यात घडते. आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही, कारण वळवाचा स्वभावच तो.

अचानक येणाऱ्या वाऱ्यापावसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. वादळ, वावटळ, तुफान, झंझावात, सोसाटा. यांतल्या ‘वादळ’ची कथा वेधक आहे. संस्कृत ‘वार्दल’पासून हिंदीत ‘बादल’ झाला, म्हणजे ढग. त्याच घराण्यातला मराठीत ‘वादळ’ झाला, म्हणजे ढगामागून जे येते ते. ‘तुफान’ अरबीतून फारसीमार्गे आला आणि कोल्हापुरात आता तो विशेषणापुरताच उरला आहे. तुफान गर्दी, तुफान हाणामारी, तुफान चाललेला चित्रपट. ‘झंझावात’ निवडणुकीने नेला. नेत्याचा दौरा झंझावाती असतो. अधिवेशन वादळी असते, चर्चा वादळी असते. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४८ च्या जाळपोळीवर कादंबरी लिहिली तेव्हा तिला ‘वावटळ’ हे नाव दिले, आणि ते चपखल होते. वावटळ उठते, गरगरते, पाचोळा आणि माणसे उडवते आणि मागे काही ठेवत नाही. हे सगळे शब्द माणसांच्या भांडणांनी आणि गर्दीने वापरायला घेतले. वळीव मात्र कोणी नेला नाही. वळवी भाषण नाही, वळवी मोर्चा नाही. फार तर एखाद्याचा राग वळवाच्या पावसासारखा आहे असे म्हणतात, म्हणजे आला तसा गेला, आणि गेल्यावर हवा निवली. वादळाच्या अर्थात फक्त पूर्वार्ध आहे. वळवात उत्तरार्धही आहे: नंतरचा गारवा, भिजलेली जमीन. म्हणून तो शिवी म्हणून चालत नाही आणि घोषणा म्हणूनही चालत नाही.

साहित्यात या शब्दाला मान मिळाला तो कोल्हापूरच्याच लेखकाकडून. शंकर पाटील यांचा जन्म १९२६ चा, हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचा. म्हणजे आमच्या पेठेवर वळीव ज्या बाजूने येतो त्या बाजूचा. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाचे नाव ‘वळीव’. पुढच्या काही वर्षांत ‘आभाळ’ आणि ‘ऊन’ हे संग्रह आले. तिन्ही नावे एकेका शब्दाची, तिन्ही वरून येणाऱ्या गोष्टींची. शंकर पाटलांवर लिहिताना समीक्षक ‘ग्रामीण वातावरणाची निर्मिती’ असे काहीतरी नोंदवून पुढे सरकतात. मला ते अपुरे वाटते. वातावरण म्हणजे पाठीमागचा पडदा. ज्या माणसाचे पोट जमिनीवर आहे त्याला आभाळ पडदा नसते, ते त्याच्या कारभारातले एक माणूसच असते. त्या पिढीतल्या कथालेखकांनी गावाचे हिरवे गोड चित्र मोडले, ते अशा शब्दांच्या जोरावर. ‘वळीव’ हे शीर्षक ‘पहिला पाऊस’ किंवा ‘मृद्गंध’ यांसारखे नाही. (मृद्गंधावर मराठीत पुरेसे लिहून झाले आहे, वळवात गाऱ्याने भरलेल्या पायांवर त्या मानाने फारच थोडे.) आणखी एक गोष्ट अशी की कथा या प्रकाराला हे नाव स्वभावाने जुळते. अवचित सुरू होणारी, एका जागेवर कोसळणारी, थोडक्यात संपणारी, आणि संपल्यावर सगळे थोडे बदललेले असते. त्या काळी पुण्या-मुंबईच्या वाचकालाही मुखपृष्ठावरच्या या तीन अक्षरांचा अर्थ सांगावा लागत नसणार. पुढे १९८५ साली नांदेडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हाही नसणार. आज आमच्या पेठेतल्या शाळकरी मुलाला तो शब्द घरात कानावर पडतो, पण निबंध लिहायला बसला की तो ‘अवकाळी पाऊस’ लिहितो. कारण लिहायची भाषा त्याने बातम्यांतून उचललेली असते.

शाळेच्या भूगोलाचाही यात थोडा वाटा आहे. भारताच्या हवामानाच्या धड्यात बंगालची ‘कालबैशाखी’ येते, केरळ-कर्नाटकातल्या ‘आम्रसरी’ येतात. कालबैशाखीच्या नावात वैशाख आहे आणि काळही आहे. बंगाली माणसाने महिना आणि भीती दोन्ही एका शब्दात बांधली. आम्रसरींच्या नावात आंबा आहे. आपल्या वळवात महिना नाही, भीती नाही, फळही नाही. फक्त त्याची चाल आहे. पण कालबैशाखी पाठ असलेल्या मुलाला दारातला वळीव हा त्याच कुळातला आहे, हे कोणी सांगत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्प तिला मिळते, ढग कित्येक किलोमीटर उंच उभा राहतो आणि त्याच्या पोटातली गार हवा पावसाआधी जमिनीवर आदळते. वळवाच्या आधी जो वारा सुटतो तो हा. हवामानशास्त्राच्या मराठी परिभाषेत अशा अकस्मात झोताला ‘चंडवात’ असा शब्द आहे. तो कोणाच्या तोंडी बसला नाही, आणि बसण्याची शक्यताही दिसत नाही.

आता कामाकडे येऊ, कारण शब्द टिकतो तो कामामुळे. दोन-तीन वळीव झाले की रानाला घात येते. (ही घात स्त्रीलिंगी आहे, विश्वासघाताशी तिचा संबंध नाही. जमीन ना चिखल ना ढेकूळ, औताला राजी होण्याइतकी ओली, म्हणजे घात. इतरत्र हिला वाफसा म्हणतात.) नांगरट झालेली ढेकळे वळवाने विरघळतात, कुळव चालतो. जिल्ह्याच्या पश्चिम भागात भाताची धूळवाफ पेरणी होते ती याच मशागतीवर. मेअखेरीला, रोहिणी नक्षत्राच्या आसपास, भुसभुशीत कोरड्या मातीत बी टाकून मृगाची वाट पाहायची. म्हणजे वळवाने आधी माती मोकळी करून द्यायची आणि पेरणीच्या वेळी बाजूला व्हायचे, अशी त्याच्याकडून अपेक्षा. तोच पाऊस वीटभट्टीवर मात्र कच्च्या विटांच्या रांगांचा चिखल करतो. तासगावकडे शेडवर बेदाणा वाळत असताना आला तर वर्षाची कमाई काळी पाडतो. आंब्याचा मोहोर, काजू, उभी मका, गच्चीवरच्या कुरडया, प्रत्येकाचे वळवाशी नाते निराळे. आणि शब्द यांतल्या कोणाचीच बाजू घेत नाही. पावसाचे नाव पावसाचे वर्णन करते. त्याने माझे भले केले की बुरे, हे ज्याचे त्याने पुढे सांगायचे.

‘अवकाळी’ बाजू घेतो. त्याच्यात निवाडा आधीच झालेला असतो. हा शब्द काही नवा नाही, परकाही नाही. अवेळी पडलेल्या पावसाला मराठी माणूस पूर्वीपासून अवकाळी म्हणत आला आहे, आणि कानाला ‘अवकळा’ जवळ असल्याने त्यात थोडी अपशकुनाची छटाही मिसळते. नवा आहे तो त्याचा पसारा. पूर्वी ‘अवकाळी पाऊस’ असे विशेषण होते. आता ‘अवकाळीने झोडपले’, ‘अवकाळीचा फटका’, ‘अवकाळीची मदत’. वळवाप्रमाणे इथेही पाऊस गळाला आणि विशेषणाचे नाम झाले. एका विशेषणाने दुसऱ्याची खुर्ची घेतली आणि त्याच जिन्याने वर चढून. मथळ्यातली जागा वाचवण्यासाठी हे झाले म्हणावे तर ‘वळीव’मध्ये ‘अवकाळी’पेक्षा एक अक्षर कमीच आहे.

खरे कारण दुसरीकडे आहे, आणि त्याला हसण्यासारखे काही नाही. पिकाचे नुकसान झाले की पंचनामा होतो, आणि पंचनाम्याला आपत्तीचे नाव लागते. केंद्राच्या मदतीच्या यादीत गारपीट आहे. राज्य शासनाने २०१४ च्या जानेवारीत अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांना राज्यापुरत्या आपत्ती ठरवले. २०२३ मध्ये त्यांत ‘सततचा पाऊस’ही आला. पिकाची हानी ३३ टक्क्यांच्या वर गेली तर मदत. या यादीत वळीव नाही, आणि असणारही नाही. जो आपल्या वेळेला येतो त्याला आपत्ती कशी म्हणणार? शासनाचा शब्द ‘अवेळी’ आहे, बातमीने त्याचा ‘अवकाळी’ केला, आणि शेतकऱ्याने तो उचलला. तलाठ्यासमोर उभे राहून ‘काल वळीव झाला, केळी आडवी झाली’ असे सांगणारा माणूस आपल्याच तोंडाने आपला दावा दुबळा करतो. ‘अवकाळीनं केळी झोपवली’ म्हटले की कागद हलतो. ज्या शब्दाने चार पैसे मिळतात तो शब्द माणसाने वापरू नये, असे म्हणण्याचा अधिकार मला किंवा कोणा भाषाप्रेमीला नाही. दोष त्या यादीच्या रचनेत आहे. नुकसान पावसाच्या माराने होते, तो वेळेला आला की नाही याने नव्हे. मेमधला पाऊस मेमध्येच पडला तरी बेदाणा काळा पडायचा तो पडतोच. पावसाचा जोर, वारा, गारा यांवर मदत ठरली असती तर शेतकऱ्याला ऋतूविरुद्ध साक्ष द्यावी लागली नसती.

शेताबाहेर मात्र हा शब्द वापरणाऱ्यांची अशी काही अडचण नसते, आणि तिथे तो अधिक धोक्याचा आहे. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत धुळीचे वादळ आणि पाऊस झाला. घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अजस्र फलक कोसळून १७ माणसे गेली. फलक १२० फूट लांब आणि १२० फूट उंच होता; परवानगी देण्याची महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० ची. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मथळ्यांत ‘अवकाळीचा तडाखा’ होता. तारीख पाहा. मे महिन्याचा मध्य. महाराष्ट्रात गडगडाटी वाऱ्यापावसासाठी याहून रास्त वेळ वर्षात दुसरी नाही. त्या दुपारी पाऊस आपल्या वेळेवर होता. मर्यादेबाहेर होता तो फलक. पण ‘अवकाळी’ म्हटले की बेशिस्त आभाळाकडे जाते. जे अवेळी आले त्याची तयारी कोण कशी ठेवणार, हा बचाव त्या एका शब्दात आयता मिळतो. वळीव म्हटले असते तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: मेमध्ये वळीव येतो हे ठाऊक असताना हा सांगाडा इथे उभा कसा राहिला? त्याआधीच्या वर्षी, ९ एप्रिल २०२३ ला, अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे मंदिराच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाचे झाड कोसळून सात जण दगावले. वाऱ्यापावसाने भाविक त्या शेडखाली उभे राहिले होते. तिथे कोणावर बोट ठेवण्यासारखे असेल किंवा नसेलही. पण उन्हाळ्याच्या दुपारी वारा सुटला की झाडाखाली थांबू नये, पत्र्याखाली थांबू नये, हे शहाणपण ‘वळीव’ या शब्दाच्या पोटात होते. जत्रेच्या दिवसांत तर ते फार लागते. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमारास आभाळ भरून येणे हे आम्हाला नवे नाही, आणि खासबागेतल्या उघड्या मैदानावर उन्हाळ्यात कुस्त्या ठेवणाराही एक डोळा उगवतीकडे ठेवून असतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला अवकाळीच म्हणावे असा पाऊस आहे, आणि हवामान बदलते आहे तसे त्याचे प्रसंग नजरेत भरू लागले आहेत. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मराठवाडा-विदर्भापासून सोलापूरपर्यंत दिवसामागून दिवस गारा पडल्या. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे जमिनीला मिळाली. जानेवारीत कधी द्राक्षबागांवर पाऊस पडतो, डिसेंबरात पडतो. तेव्हा खरोखर काळ चुकलेला असतो आणि तसे ओरडून सांगायला एक शब्द हवा असतो. आपण तो मे महिन्यातल्या प्रत्येक सरीवर खर्च करून टाकला. मेमधलाही अवकाळी आणि जानेवारीतलाही अवकाळी, तर काय बदलले आणि काय पूर्वीपासून तसेच आहे, हे वाचकाला कळणार कुठून? वळीव हा शब्द राहिला पाहिजे तो जुना आणि गोड आहे म्हणून नव्हे. तो नसेल तर अवकाळी या शब्दालाही अर्थ उरत नाही.

हवामान खात्याची भाषा या भांडणात तटस्थ आहे. मार्च ते मे हा त्यांचा ‘पूर्वमोसमी’ हंगाम. त्यांच्या पत्रकातले वाक्य असे असते: तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलका ते मध्यम पाऊस. यात चूक काढायला जागा नाही. पण नीट पाहिले तर या लांबलचक वाक्यातली प्रत्येक गोष्ट, तुरळक ठिकाणी पडणेसुद्धा, ‘वळीव’ या तीन अक्षरांत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची सूचना देणारे ॲप काढले तेव्हा त्याला ‘दामिनी’ नाव दिले. संस्कृतातले का होईना, लोकांना कळणारे नाव दिले. ‘तीन तासांत वळवाची शक्यता’ असा संदेश मोबाइलवर आला तर आमच्या भागात तरी दुसरे काही समजावून सांगावे लागणार नाही. गच्चीवरची वाळवणे खाली येतील, औत सुटेल, जनावर झाडाखालून हलेल. शब्दाबरोबर काय करायचे तेही कळते, हा त्याचा खरा उपयोग.

२०२५ च्या मे महिन्याने मात्र सगळ्यांचीच शब्दसंपत्ती तपासली. महिन्याच्या मध्यापासून पाऊस सुरू झाला. पहिले काही दिवस वळीव म्हणता येईल असाच, दुपारनंतरचा, गडगडाटी. बातम्यांत अर्थातच अवकाळी. मग तो थांबेना. सकाळीही पडू लागला, विजा कमी झाल्या, वारा मावळतीकडून वाहू लागला. बातम्यांनी त्याला पूर्वमोसमी म्हटले. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात आला, २५ ला तळकोकणात आणि २६ ला मुंबईत, नेहमीच्या तारखांच्या कितीतरी आधी. दहा-बारा दिवसांत एकाच आभाळाची तीन नावे झाली. पेठेतल्या आणि खेड्यातल्या बोलण्यात हा बदल अधिक बारकाईने उतरला, आणि तोही क्रियापदातून. आठवडाभर लोक ‘वळीव झाला’ म्हणत होते. मग एके दिवशी, कोणी जाहीर न करता, ते ‘पाऊस लागलाय’ म्हणू लागले. हवामान खात्याची घोषणा त्याच्या मागेपुढेच आली.

त्या साली धूळवाफेची पंचाईत झाली. धूळवाफेला धूळ लागते, आणि रोहिणी निघाल्या तेव्हा ती शिल्लक नव्हती. कुळव चालवायला घात नाही, रानात पाय रुतत होते. ज्यांची पेरणी अशी हुकली त्यांना तरवा टाकून रोपलावणीचीच वाट उरली.